जाळं फाडणारी बोट आणि बोटीवर निघालेला मुलगा

वाचकाचं पत्र

ताई, मी देवगड तालुक्यातला मच्छीमार. फायबरची होडी आहे, दोन गडी आणि मी. गेल्या नोव्हेंबरात पहाटे तीनच्या सुमारास एक मोठं मालवाहू जहाज आमच्या जाळ्यावरून गेलं. बोया, टोकाचा लुकलुकता दिवा, जाळं, सगळं गेलं. सत्तर हजारांचं नुकसान झालं. अंधारात जहाजाचं नाव दिसलं नाही, म्हणून तक्रारीचं पुढे काही झालं नाही. वर्षभरात गावातल्या तिघांची जाळी अशीच गेली. शिवाय आमच्याजवळ मोठी जेटी होणार म्हणतात, तिला आमच्या सोसायटीचा विरोध आहे आणि मी त्यात पुढे असतो.

आता माझा मुलगा बारावी झालाय. म्हणतो, मर्चंट नेव्हीत जायचंय, जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाच्या कामाचा, कोर्स करतो. त्याच्या आईचा पाठिंबा आहे. मी ‘नाही’ म्हणालो, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गावात बोलणं सुरू झालंय: ‘बोटवाल्यांनी ह्येची जाळी फाडल्यानी, नि ह्येचो झील त्यांच्याच नोकरेक चल्लो!’ त्यात एक एजंट घरी येऊन गेला. म्हणतो, कोर्सबिर्स काही नको, साडेतीन लाख द्या, दोन महिन्यांत थेट जहाजावर चढवतो.

मी मुलाला अडवतोय ते चूक आहे का? आणि पाठवलाच, तर सोसायटीच्या बैठकीत कोणत्या तोंडाने बसू?

उत्तर

दादा,

आधी एजंटचं सांगते. बाकीचं तुम्ही चार दिवसांनी वाचलंत तरी चालेल, पण त्या माणसाच्या हातात पैसे पडले की ते परत येत नाहीत. त्याला एक रुपया देऊ नका. टोकन म्हणूनही नको.

जहाजावर नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्याने बंदी आहे. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आणि २०१६ मध्ये भरतीचे नियम केले. भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना लागतो. तो नंबर डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर तपासता येतो, तुमचा मुलगा मोबाइलवर पाच मिनिटांत बघेल. आणि ‘कोर्स नको’ हे त्या माणसाचं वाक्यच त्याला उघडं पाडतं. सुरक्षेचं मूळ प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं अधिकृत पुस्तक, याशिवाय सरळ मार्गाने कुणालाही व्यापारी जहाजावर चढता येत नाही. मग हे लोक पोरांना कसे चढवतात? पर्यटक व्हिसावर इराण किंवा दुबईकडे नेतात, तिथे कुठल्यातरी भलत्या देशाचं पुस्तक हातात देतात आणि एखाद्या जुन्या, गंजक्या बोटीवर सोडतात. पासपोर्ट कप्तानाकडे, पगार पुढच्या महिन्यात, आणि तो पुढचा महिना येतच नाही. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर अडकलेल्या खलाशांना चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतीचा खर्च विम्यातून मिळावा, अशी तरतूद २०१७ पासून लागू आहे. पण ती मिळवायला हातात खरा करार आणि खरी कागदपत्रं लागतात. अशा पोरांकडे तीच नसतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुमचा राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. सत्तर हजारांचं जाळं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको, मी हर्णैजवळची आहे. पण गाव ज्यांना ‘बोटवाले’ म्हणतं, त्या एका शब्दात निरनिराळी माणसं आहेत. जहाजाचा मालक एका देशात बसलेला असतो. जहाजावर झेंडा पनामाचा नाहीतर लायबेरियाचा असतो, कारण तिथली नोंदणी मालकाला परवडते. आतला माल तिसऱ्याचा. जहाज भाड्याने घेऊन ‘अमुक तारखेला बंदरात पोचलंच पाहिजे’ म्हणणारा चौथा. जेटी बांधणारा पाचवाच. आणि पहाटे तीन वाजता ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या उंच खोलीत, उभा राहून झोप आवरणारा, एखादा फिलिपिनो किंवा आपल्याच राजापूर-रत्नागिरीकडचा पोरगा, हा सहावा. यातला एकच माणूस समुद्रावर असतो. तुमचा मुलगा तो सहावा होऊ बघतोय.

माझे बाबा तो सहावा होते. सुकाणी होते ते, जहाजाचं चक्र धरणारे. घरी आले की संध्याकाळी पडवीत येरझाऱ्या घालायचे, बरोबर अकरा पावलं आणि वळायचे. पडवी मोठी होती, आणखी पाच पावलं सहज चालता आली असती, पण वळायचे अकराव्यालाच. लहानपणी आम्ही भावंडं मागे मागे मोजत चालायचो. पुढे कळलं, ब्रिजच्या बाजूची मोकळी जागा तेवढीच होती.

ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. मुंबईहून कोचीला निघालेलं जहाज रात्री आपल्या किनाऱ्यासमोरून चाललं होतं. पुढे पाण्यावर दिवेच दिवे. पहाऱ्यावरचा अधिकारी परप्रांतातला, नवखा. त्याला वाटलं, सुट्या होड्या आहेत, दोन दिव्यांच्या मधून काढू. बाबा म्हणाले, ‘साहेब, हे दोन दिवे दोन होड्यांचे नाहीत, एकाच जाळ्याचे आहेत. मधून नको, पश्चिमेकडून घ्या.’ साहेबाने ऐकलं. जहाज फिरलं, दिवे डाव्या हाताला मागे पडत गेले. त्या होडीतल्या माणसाला कधी कळलंही नसेल की त्या रात्री आपलं जाळं कुणी वाचवलं. बाबा काही मोठे अधिकारी नव्हते, पण लहानपणी जाळं ओढलेलं असल्याने त्यांना ते दिवे वाचता येत होते.

तुमच्या मुलालाही येतात.

लगेच असं समजू नका की एक पोरगा गेला म्हणजे जाळी फाटायची थांबतील. जीपी रेटिंगवाला जहाजाची दिशा ठरवत नाही. पण टेहळणीला उभा असताना काय दिसलं ते मोठ्याने सांगणं हे त्याचं कामच असतं, आणि गिलनेटच्या टोकाचा दिवा कसा हलतो हे ज्याने होडीत बसून पाहिलंय, त्याने सांगितलेलं ब्रिजवर उपयोगी पडतं.

गावातलं बोलणं तुम्हाला लागलंय. आपल्या लोकांचं जहाजांशी नातं पूर्वी असं नव्हतं, दादा. रत्नागिरीकडची किती घरं सारंगांच्या, टिंडेलांच्या, खलाशांच्या पैशांवर उभी राहिली ते तुमच्या आजोबांच्या पिढीला माहीत होतं. स्वदेशीच्या काळात निघालेल्या एका आगबोट कंपनीचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन वगैरे. ते नाव कुणी घेत नसे. लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी बुडाली ती याच कंपनीची. सहाशेहून जास्त माणसं गेली. एवढं होऊनही कोकणातला माणूस बोटीने जात-येत राहिला, कारण मुंबईहून येणारा भाऊ, लग्नाचं वऱ्हाड, गणपतीचं सामान, सगळं बोटीनेच येत होतं.

मग रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. जहाजं समुद्रात राहिली, पण त्यांच्याशी गावाचं येणं-जाणं राहिलं नाही. आता ती क्षितिजावरून जातात, आणि आपल्या वाट्याला येतं ते त्यांच्यातून सांडलेलं. पावसाळ्यात वाळूत चालून आलं की टाचेला चिकटलेलं डांबर रॉकेलच्या बोळ्याने पुसत बसायचं, हे आपल्या किनाऱ्यावर कुणाला नवीन नाही. ते सगळंच जहाजांचं नसेल, समुद्रात तेलविहिरीही आहेत. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्यावर येऊन आदळलं. खलाशी वाचले, पण सांगाडा वर्षानुवर्षं तिथेच पडून राहिला. वाढवणला ७६,२२० कोटींच्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये भूमिपूजनही झालं, आणि डहाणू-पालघरचे मच्छीमार आजही विचारतात की आमच्या मासेमारीच्या जागेचं काय. हे सगळं बघून गावाला जहाज परकं वाटणार नाही तर काय होईल?

तरी एक गोष्ट डोळ्यांआड करू नका. देशाचा परदेशी व्यापार वजनाने मोजला तर साधारण ९५ टक्के जहाजांनी होतो. तुमच्या होडीत जातं ते डिझेल ज्या कच्च्या तेलाचं, ते बहुतेक परदेशातून टँकरने येतं. घरातलं पामतेल जहाजाने येतं. आणि रत्नागिरीच्या कारखान्यात गोठवलेलं म्हाकूल परदेशी जातं तेही कंटेनरमध्ये भरून, जहाजानेच. म्हणजे हा धंदा बंद व्हावा ही तुमची मागणी नाही, होऊही शकत नाही. त्यांनी नियमाने चालावं आणि नुकसान केलं तर भरून द्यावं, एवढंच तुम्ही मागता. आणि ती मागणी लावून धरायला नियम माहीत असावे लागतात.

समुद्रातल्या टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांत सरळ लिहिलंय की इंजिनवर चालणाऱ्या जहाजाने मासेमारी करत असलेल्या होडीच्या वाटेतून बाजूला व्हायचं. तुमचा हक्क आहे तो. पण त्याच नियमांत दोन गोष्टी आपल्या बाजूने पाळायच्या आहेत. एक, बंदराच्या अरुंद वाटेत किंवा आखून दिलेल्या जहाजमार्गात मासेमारी करून मोठ्या जहाजाला अडवायचं नाही. आणि दुसरी, जिच्याकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं: रात्री मासेमारी करताना होडीवर चारी बाजूंनी दिसणारे दोन दिवे लागतात, वर लाल आणि खाली पांढरा. ट्रॉलर असेल तर वर हिरवा आणि खाली पांढरा. जाळं दीडशे मीटरहून लांब पसरलं असेल तर ज्या बाजूला जाळं, त्या बाजूला आणखी एक पांढरा. ब्रिजवरचा माणूस हीच भाषा वाचायला शिकलेला असतो. आपल्या होड्यांवर मात्र हल्ली बाजारातल्या रंगीत एलईडी माळा लावतात, निळ्या, हिरव्या, लुकलुकणाऱ्या. लांबून बघणाऱ्याला त्यातून काही बोध होत नाही. तुमच्या होडीवर काय होतं मला माहीत नाही, तुम्ही लिहिलेलं नाही. पण आज संध्याकाळी जाऊन एकदा बघा.

आणखी एक. मोठ्या मालवाहू जहाजाच्या नाकासमोरचा काही भाग ब्रिजवरून दिसतच नाही. नियमाने तो आंधळा पट्टा जहाजाच्या दोन लांब्यांएवढा किंवा पाचशे मीटर, यात जे कमी असेल तेवढा असू शकतो. त्याच्या आत गेलेली होडी वरच्या माणसाला दिसत नाही, आणि दिसली तरी एवढं धूड जागच्या जागी थांबत नाही.

नाव दिसलं नाही म्हणून तक्रार अडली, हे मला फार लागलं, कारण नाव कळायची सोय आहे. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या तीनशे टनांवरच्या जहाजाला एआयएस नावाचं यंत्र लावावंच लागतं. ते जहाजाचं नाव, जागा, वेग, दिशा सतत प्रसारित करतं. हे दाखवणारी मोफत अ‍ॅप आहेत. पुन्हा असं झालं, देव करो न होवो, तर त्याच क्षणी घड्याळातली वेळ आणि जीपीएसवरची जागा लिहून ठेवा. तटरक्षक दलाला १५५४ वर, सागरी पोलिसांना १०९३ वर फोन करा. रेंजमध्ये आल्याबरोबर अ‍ॅप उघडून त्या वेळी तिथून कोणतं जहाज गेलं ते बघा आणि स्क्रीनचा फोटो ठेवा. फाटलेल्या जाळ्याचे, उरलेल्या बोयांचे फोटो काढा, जाळं विकत घेतल्याची पावती जोडा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि सागरी पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तिघांची जाळी गेली असतील तर तिघांनी एकत्र द्या. भरपाई मिळेलच असं वचन मी देऊ शकत नाही, पण नावासकट आलेला अर्ज फाइलमधून सहज गळत नाही.

आणि जहाजाला अटक होते, हे तुम्हाला माहीत आहे का? २५ मे २०२५ ला कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज ६४० कंटेनरांसकट बुडालं. चोवीसच्या चोवीस खलाशी वाचले, पण प्लास्टिकचे बारीक मणी किनाऱ्यावर येत राहिले आणि मच्छीमारांचा धंदा बसला. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला, आणि त्याच समूहाचं दुसरं जहाज केरळच्या बंदरात आलेलं होतं, ते अडवून ठेवायचा आदेश मिळवला. परदेशातल्या मालकापर्यंत आपला हात पोचत नाही, पण त्याचं जहाज आपल्या पाण्यात असताना पोचतो. हे तुमच्या सोसायटीत बोला. वकील विचारायचा तर सागरी दाव्यांचं काम करणारा विचारा, ते मुंबईत आहेत.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. बैठकीत तुम्ही आत्ता बसता त्याच जागेवर बसा. जेटीला तुमचा विरोध मासेमारीची जागा जाते म्हणून आहे, आणि मुलगा कुठे नोकरी करतो याने ती जागा कमीजास्त होत नाही. कुणी टोमणा मारला तर त्याला विचारा, मुंबई-गोवा हायवेत आपल्या गावच्या जमिनी गेल्या तेव्हा एसटीत ड्रायव्हर असलेल्या पोरांना आपण घराबाहेर काढलं होतं का? एकदाच, शांतपणे विचारा आणि विषयावर या.

मुलाबद्दल मात्र हुरळून जाऊ नका, आणि त्यालाही जाऊ देऊ नका. जीपी रेटिंगचा कोर्स सहा महिन्यांचा, तिथेच राहून करायचा असतो. डीजी शिपिंगच्या मान्यतेची संस्था आहे ना, हे त्याच वेबसाइटवर बघा. प्रवेशाआधी संस्थेला लेखी विचारा की मागच्या तुकडीतली किती मुलं जहाजावर चढली आणि कोणत्या कंपन्यांत. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था बघा. कोर्स करून, पुस्तक हातात घेऊन जहाजाची वाट बघत बसलेली मुलं पुष्कळ आहेत, आणि असले एजंट त्यांच्याच दारात फिरतात. फीसाठी होडी किंवा घर गहाण ठेवायची वेळ येत असेल तर एक वर्ष थांबा. कोर्सला अर्ज करायला वय पंचविशीपर्यंत चालतं, तो अजून लहान आहे.

नोकरी लागली तरी ती चैनीची नाही. सात-आठ महिने, कधी नऊ महिने घर नाही. गणपती नाही, शिमगा नाही. २०२० मध्ये कोविडने बंदरं बंद झाली तेव्हा जगभरचे चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. ज्यांच्यामुळे आपल्याकडे तेल-धान्य येत राहिलं, त्यांना उतरायला कुणी जमीन देईना. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून एका मालवाहू जहाजावरचे तीन खलाशी गेले. उरलेल्यांना आपल्या नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने बाहेर काढलं. हे त्याला माहीत असू दे. तुम्ही स्वतः पहाटे तीनला होडीत असता, तेव्हा समुद्राच्या भीतीची तुलना मी करणार नाही. पण घरच्यांपासून लांब राहण्याचा एकटेपणा तुम्हाला माहीत नाही, तुम्ही सकाळी घरी येता. माझ्या आईला तो माहीत होता.

लोक म्हणतात बोटीवरचा म्हणजे दारुडा, त्याला मुलगी कोण देणार. त्यावर मी शब्द खर्च करत नाही. माझ्या बाबांनी चहाशिवाय काही घेतलं नाही, आणि माझ्या आईने त्यांना आयुष्यभर मान दिला.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, ‘नाही’ म्हणून विषय बंद केलात ते चुकलं. अट घालून विषय उघडा. पहिली अट कोर्सचीही नाही, डोळ्यांची. रंगांधळेपणा असेल तर डेकवरचं काम मिळत नाही, लाल-हिरवा ओळखता आलाच पाहिजे. फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्यतेच्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, नाहीतर पैसे भरल्यावर कळतं आणि पोरगं खचतं.

तोवर घरातला अबोला मोडायला त्याला एक काम सांगा. म्हणावं, तू जहाजावर जाणारच असशील तर आधी माझ्या होडीवर ते नियमातले दोन दिवे बसवून दे. वर लाल, खाली पांढरा, चारी बाजूंनी दिसतील असे. वायरिंग त्याला जमेल, बॅटरी तुम्ही आणा. बसवून झाले की दोघं मिळून रात्री बाहेर काढा होडी, आणि त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी होडीतून लांब पाठवा. किती अंतरावरून दिसतात ते त्यालाच बघून येऊ दे.